मल्हारच्या गाडीचा क्लच

सदर इसमाचे नाव श्री. नानासो बिरू सरगर. मूळ राहणार आटपाडी तालुका, हल्ली मुक्काम इस्लामपूर, पेठ रस्त्याला. वडिलोपार्जित व्यवसाय मेंढपाळ, तो वडिलांबरोबर संपुष्टात आला. तद्नंतर ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक, आता निवृत्त. बांधा सडपातळ, डोक्यास पटका, ओळखीची खूण म्हणजे डावी मांडी उजवीपेक्षा जाड. अपघात निरंक. व्यसन तंबाखू. सदर इसम हलकी, जड व अतिजड अशी सर्व प्रकारची वाहने चालविण्यास शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम असून त्यांच्या ताब्यात लाल रंगाचे एक चारचाकी वाहन आहे. सदर वाहनाचा वेग जास्त आहे. कुटुंबात पत्नी सुलाबाई व एक मुलगा, मल्हार.

यातली शेवटची नोंद जुनी आहे. सरकारदरबारी माणूस एकदा चढला की त्याला उतरवायला अर्ज लागतो. तो अर्ज नानासोंनी कुठंच केला नव्हता. तोंडीसुद्धा नाही.

मल्हार साताऱ्याच्या एमआयडीसीत इंजिनियर होता. एका खोलीत एकटा राहायचा आणि खोलीपेक्षा पार्किंगची जागा मोठी पाहिजे या अटीवर ती त्यानं घेतली होती. गाडी पुण्याहून जुनी आणलेली, बुटकी, टर्बो बसवलेली. कंपनीनं दिलेली ताकद त्याला कमी वाटली, म्हणून लॅपटॉप जोडून त्यानं ती वाढवून घेतली. वाढलेली ताकद जुन्या क्लचला पेलेना, म्हणून क्लचही कडक बसवून घेतला. एका रविवारी साताऱ्याजवळच्या घाटात रस्ता बंद करून शर्यत झाली, तिच्यात तो चौथा आला. चौथ्याला कप देत नाहीत, टाळ्या देतात. त्यानं घरी फोन करून टाळ्यांचं सांगितलं. नानासो म्हणाले, "म्होरच्या तिघास्नी काय अडचण आली व्हती का?" दोघं बराच वेळ हसले. नानासोंना असा विनोद वर्षातून एखादाच सुचायचा.

मल्हार गेला तो घाटात नाही. सकाळी खोलीत, बेसिनपाशी, दात घासता घासता पडला. डोक्यात गुठळी, डॉक्टर म्हणाले. कुणालाही होऊ शकतं. कुणालाही म्हणजे कुणाला, हे विचारायचं नसतं.

पण इस्लामपुरात हे कारण कुणाला पटलं नाही. ज्याच्याकडं असली गाडी आहे त्यानं बेसिनपाशी मरावं, यात लोकांना काहीतरी फसवणूक वाटत होती. शेजारचे आप्पासो साखर कारखान्याच्या कचेरीत लेखनिक होते आणि निवृत्तीनंतरही प्रत्येक गोष्टीवर शेरा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते म्हणाले, "नानासो, राग मानू नगा, पर गाडीनंच खाल्लं पोरगं. इकून टाका."

"आवं, बरश करत व्हता त्यो," नानासो म्हणाले. "गाडी खाली हुबी व्हती. वर कवर घाटल्यालं."

"त्येच म्हंतो मी. सदानकदा घाई. दात घासायची पन घाई."

नानासो उठले आणि तंबाखू थुंकून आले.

साताऱ्याच्या घरमालकाला जागा हवी होती. भला माणूस, दोन महिने बोलला नाही. मग फोनवर आधी तब्येत विचारली, नंतर पाऊसपाणी, आणि शेवटी म्हणाला, गाडी तेवढी. नानासो बसनं साताऱ्याला गेले. खोलीला कुलूप होतं, ते त्यांनी काढलं नाही. गाडीचं कवर काढलं, घडी केली, मागच्या सीटवर ठेवली आणि हायवेला लागले.

इथं ऊस उतरवायच्या नंबराबद्दल सांगायला हवं. हंगामात कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागते, मागं उसानं लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. रांग सरकते ती हातभर. मध्ये जागा पडली की शेजारचा घुसतो, म्हणून जागा पडू द्यायची नाही. इंजिन बंद करायचं नाही, कारण बंद केलेलं जुनं इंजिन परत लागेल याची हमी कुणी देत नाही. मग माणूस काय करतो? गिअर टाकून डावा पाय क्लचवर अर्धा दाबून ठेवतो आणि गाडीला दम धरायला लावतो. जराशी सोडली की हातभर पुढं, जराशी दाबली की थांबली. नानासोंनी उमेदीचे सगळे हिवाळे असे अर्ध्या पायावर काढले होते. त्यात ते इतके तरबेज होते की दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर चढावर ब्रेक न लावता उभा करत आणि तेवढ्यात खाली उभ्या असलेल्याशी गप्पाही मारत. क्लच लवकर जायचा, पण क्लच मालकाचा असायचा.

कराडला हायवेचं काम चालू होतं. सगळी वाहनं एका सर्व्हिस रोडवर घातली होती आणि ती रांग सरकत होती ती हातभर. नानासोंना रस्ता ओळखीचा वाटला. त्यांनी गिअर टाकला, डावा पाय अर्धा दाबला आणि मल्हारच्या गाडीला दम धरायला लावलं.

वास आला तेव्हा त्यांना वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. कासेगावच्या आसपास ॲक्सिलेटर दाबला की इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागची हलेना. त्यांनी ती कडेला घेतली. बॉनेटमधून धूर येत होता. मल्हारनं मोठ्या कौतुकानं बसवून घेतलेला क्लच बापानं एका दुपारी जाळला होता, आणि तोसुद्धा अंगी असलेलं सगळं कसब पणाला लावून. ओळखीच्या एकाचा ट्रॅक्टर बोलावून दोरानं ओढत गाडी घरी आणली. गल्लीतल्या लोकांनी पाहिली. आप्पासोंनी या वेळी शेरा मारला नाही, नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून नानासोंचं एकच चाललं: क्लच पोरानं घातला होता तस्साच परत बसला पाहिजे. गाडी त्यानं ठेवली होती तशी झाली पाहिजे. सुलाबाई म्हणाल्या, "गाडी नीट करून काय करनार हाय तुमी?"

"नीट करनार हाय."

"आन् मग?"

"मग नीट हुईल की."

सांगलीत माधवनगर रस्त्याला गोमटेश चौगुल्याचं गॅरेज आहे. वेगाच्या गाड्यांचा शौक असलेली पोरं कोल्हापूर, बेळगावहून त्याच्याकडं येतात. गोमटेश जैन, सूर्य बुडायच्या आत जेवायचा नेम, त्यामुळं त्याचं गिऱ्हाईक सकाळीच उगवतं. स्वभावानं इतका गोड की गिऱ्हाइकाच्या तोंडावर नाही म्हणणं त्याला जमत नाही. धंद्यातले त्याचे बहुतेक तोटे याच गुणातून आलेले आहेत. मल्हारचा क्लच त्यानंच बसवला होता. मल्हारच्या दहाव्याला तो येऊन गेला होता, मागं उभा राहून.

गाडी टेंपोवर चढवून नानासोंनी त्याच्याकडं नेली. गोमटेशनं गिअरबॉक्स उतरवला. क्लचप्लेट कोळसा झाली होती आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते.

"मामा, ही पार गेलीया," तो म्हणाला. "आता दुसरी घालताना तीन प्रकार पडतात बघा. एक कंपनीची साधी. पायाला हलकी, लोण्यावानी. पण वाढीव ताकद पेलत न्हाई. दुसरी मधली, जरा जड. तिसरी मल्हारनं घातलेली. हिच्या प्लेटीला गोल अस्तर नसतंय, नुसती बटणं. धरली की धरली. वरची प्रेशर प्लेट पण तशीच दणकट, पायाला दगडासारखी लागती. शर्यतीला उत्तम. गर्दीत तिला अर्धं दाबून ठिवलं की संपली."

नानासोंनी मान हलवली. शेवटचं वाक्य त्यांना पाठ होतं.

मग गोमटेशनं सवयीनं त्याचे प्रश्न विचारले. क्लच इंजिनाकडं बघून निवडतात असं लोकांना वाटतं. ते एक तृतीयांश खरं आहे. "इंजिनाची ताकद वाढवल्याली हाय, ते ठावं हाय मला. चालणार कुठं, घाटात का गावात?"

"घाटात," नानासो म्हणाले.

"आन् चालवणार कोण?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि गोमटेशला कळलं आपण काय विचारलं. पण बाहेर पडलेला प्रश्न परत घेता येत नाही. त्यानं पाना उचलला आणि उगीच पुसायला घेतला.

नानासो गाडीकडं बघत होते. "मल्हार," ते म्हणाले. "दुसरं कोन चालिवनार? त्येचीच हाय की."

गोमटेशला त्या वेळी बरंच काही बोलता आलं असतं. पण बापाच्या तोंडावर त्याचा पोरगा मेलेला आहे हे सांगणं कुठल्याही गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या कामात धरत नाहीत. तो म्हणाला, "मग बटणाचीच घालू, मामा." आणि त्यानं पुण्याला फोन लावून ती मागवली.

या उत्तराप्रमाणं निवड अगदी बरोबर होती. अशा चालकाला, अशा घाटात, अशा इंजिनाला दुसरा क्लच चाललाच नसता.

गाडी तयार झाली तेव्हा नानासो एकटे न्यायला आले. स्टार्टर मारून त्यांनी क्लच दाबला आणि थबकले. पाय खाली जाईना. साताऱ्याहून येताना याच जातीचा क्लच होता, पण तो वापरून वापरून मवाळ झाला होता आणि पुढं तर जळतच आला होता. नवाकोरा असताना पोराच्या पायाखाली काय होतं ते त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी सीट पुढं ओढली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि सगळं अंग घालून पाय रेटला.

"जमतंय न्हवं, मामा?" गोमटेशनं विचारलं.

"जमतंय की. न जमाया काय झालं?"

सांगलवाडीपर्यंत जमलं. सोडला की गाडी उसळायची, दाबला की गुडघ्यातून कळ यायची. आष्ट्याला बाजार होता. रस्ता हातगाड्यांनी भरलेला, माणसं गाडीला घासून चाललेली. या वेळी त्यांनी क्लच अर्धा दाबून ठेवला नाही. जाळलेल्या क्लचनं तेवढं शिकवलं होतं. पूर्ण दाबायचा, पूर्ण सोडायचा. गाडी प्रत्येक वेळी धक्का खाऊन बंद पडे. मागून हॉर्न. डावा पाय थरथरायला लागला, आधी मांडीत, मग पोटरीत, आणि शेवटी ते उचलायला गेले तर तो उचलेना. बाजाराच्या मधोमध गाडी उभी राहिली.

चार पोरं ढकलायला आली. नेहमीची पोरं, तोंडात मावा, हातात मोबाईल. एकानं खिडकीतून डोकावून गाडी बघितली, मग पटका बघितला.

"आयला, आबा! पोराची गाडी चोरून आनलीसा काय?"

"व्हय," नानासो म्हणाले. "त्येला सांगू नगा."

पोरं खिदळली. "न्हाई सांगत! पर भजी घाला आमास्नी!" त्यांनी गाडी ढकलून एका झाडाखाली लावली, एकानं तिच्याबरोबर फोटो काढून घेतला, आणि ती भज्यांची वाट न बघता निघून गेली. नानासो स्टिअरिंग धरून बसून राहिले. बाजार उठला तरी बसलेलेच होते. उतरायचं म्हटलं तरी डावा पाय लागणार होता.

फोन केल्यावर गोमटेशचा माणूस येऊन गाडी परत सांगलीला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नानासो बसनं गॅरेजवर हजर झाले. गोमटेश चहा सांगायला निघाला, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तवाच बोलायला पायजे होतं मी, मामा," गोमटेश म्हणाला. "चुकलं माझं."

"म्याच न्हाई बोललो, तू काय बोलनार?" नानासो बाकड्यावर बसले. पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "आता इचार."

"काय?"

"मागल्या बारीला इचारलंवतंस ते. शेवटचं."

शेजारी कुणीतरी पत्रा ठोकत होतं, ते थांबेपर्यंत गोमटेशनं वाट बघितली.

"चालवणार कोण, मामा?"

"मी," नानासो म्हणाले. "गुडघा दुखतोय. जायाचं दवाखान्याला न्हाईतर बाजाराला. घाटबीट काय न्हाई." मग, जणू एखादा किरकोळ तपशील राहून गेला होता तसं, ते म्हणाले, "मल्हार गेला न्हवं."

हे वाक्य त्यांनी सुलाबाईंसमोर उच्चारलं नव्हतं, भावकीत उच्चारलं नव्हतं. ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते क्लच निवडण्यासाठी लागणारी माहिती म्हणून. गोमटेशनं मान खाली घालून ती घेतली.

"मग साधी घालायची," तो म्हणाला. "कंपनीची." आणि दुसरीकडं बघत, "पण मामा, एक हाय. साधी घातली तर वाढीव ताकद तिला सोसायची न्हाई. परत घसरून जळणार. इंजिन पयल्यासारखं करावं लागंल."

"म्हंजी?"

"मल्हारनं चढवलंय ते उतरवायचं. लॅपटॉप लावून."

नानासोंनी हे नीट ऐकून घेतलं. कडक क्लच ठेवावा तर बाप चालवू शकत नाही. मऊ घालावा तर पोराचं इंजिन उरत नाही. राहिला मधला, तो दोघांनाही अर्धा अर्धा पडला असता. यंत्रात तडजोडीला जागा असते असं म्हणतात, पण ती बहुतेक दुसऱ्याच्या यंत्रात असते.

"परत चढिवता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"येतंय की. फाईल हाय माझ्याकडं. तुमी कवापण सांगा."

"कशाला, कोन चढिवनार," नानासो म्हणाले. मग म्हणाले, "र्‍हाऊ दे. ठिव तुझ्याकडं. पुसू नगंस."

साधा क्लच बसला. वाढवलेली ताकद उतरवायला फार वेळ लागला नाही. गोमटेशनं वायर जोडली, पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडं भरत गेली. नानासो ती बघत उभे होते. पट्टी भरली तसा गोमटेश म्हणाला, "झालं." नानासोंना वाटलं होतं काहीतरी आवाज येईल.

घरी येताना गाडीनं कसलाच त्रास दिला नाही. क्लच लोण्यासारखा होता, गुडघ्याला कळलंसुद्धा नाही. आष्ट्यात ती शहाण्यासारखी थांबली, शहाण्यासारखी निघाली. कुणी वळून बघितलं नाही. पेठ रस्त्याला आल्यावर नानासोंनी एकदा ॲक्सिलेटर जोरात दाबून पाहिला. गाडी पळाली, जशी कुणाचीही पळते.

सुलाबाई दारात होत्या. मल्हारच्या गाडीत त्या आयुष्यात एकदाच बसल्या होत्या. पहिल्याच हिसक्याला त्यांचं डोकं मागं आपटलं होतं आणि त्या कोपऱ्यावर उतरून चालत घरी आल्या होत्या. मल्हारनं तेव्हा हात जोडून, हसत, आईची माफी मागितली होती आणि गाडीचीही बाजू घेतली होती. आज नानासोंनी डावीकडचं दार आतून उघडलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग पदर खोचून बसल्या, आणि हातानं वरची कडी घट्ट धरली.

नानासोंनी त्यांना कारखान्याच्या फाट्यापर्यंत नेलं आणि वळवून आणलं. परतताना सुलाबाईंनी कडी सोडली. घर आलं तसं त्या म्हणाल्या, "आता बगा कशी गुमान चालती. लेकरानं अशी ठिवली असती तर म्या रोज बसले असते." आणि गाडी थांबल्यावर, दार उघडता उघडता, सहज, "त्येला दावाया पायजे व्हती."

नानासोंचा पाय क्लचवर होता. तो त्यांनी काढला. इंजिन बंद केलं. सुलाबाई आत गेल्या, चहाचं भांडं वाजलं, चहा झाला, निवला. नंतर त्या बाहेर आल्या तेव्हा नानासो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले होते, आणि पटका मांडीवर काढून ठेवलेला होता. त्यांनी हाक मारली नाही. ओट्यावर बसून राहिल्या.

आप्पासोंनी नंतर एकदा विचारलं, "मग, बसला का बराबर किलच?"

"बराबर बसला," नानासो म्हणाले. "ज्येला पायजे व्हता त्येच्या मापाचा."

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असते. जागेवर उभी राहून बिघडू नये म्हणून दर रविवारी ती सुरू करावी लागते. नानासो चावी फिरवतात, उतरून पलीकडून येतात आणि इंजिन गरम होईपर्यंत डाव्या बाजूच्या सीटवर बसतात.